मधल्या खोलीतली वाळ्याची ताटी

आमच्या घरात एसीची जाळी धुण्याचं खातं माझ्याकडे आहे. स्टुलावर चढायला मला मनाई आहे, म्हणून जाळी मुलगा काढून देतो. धुते मात्र मीच. तो दरवेळी म्हणतो, "आई, कंपनीचा माणूस येतो ना सीझनला एकदा. त्याचं काम त्याला करू दे की." मी म्हणते, "बरं. मग चहाची गाळणीपण सीझनला एकदाच धुवू."  हरल्यावरही बोलत राहण्यात तो आजोबांवर गेलाय.

जाळी नळाखाली धरली की आधी एक करडा पापुद्रा सुटतो. बुऱ्हाणपुरात अजून माग चालतात, तेव्हा हवेत कापूस असतोच. त्यात रस्त्याची धूळ, आमच्या फोडण्यांचा धूर आणि माणसांच्या डोक्यावरचे केस, असं सगळं मिळून तो बनतो. तो पापुद्रा मी बोटाने उचलते आणि घरातल्या कुणालातरी दाखवते. "बघ, हे छातीत गेलं असतं." सून म्हणते, "आई, जेवायच्या टायमाला नको ना." मग मी जेवण झाल्यावर दाखवते.

गल्लीतल्या बायकांनाही मी सांगून ठेवलंय. ज्याच्यातून वारा गाळून येतो ते साफ करा, नाही साफ होत तर बदला, आणि दिसायला बरं दिसतंय म्हणून ठेवू नका. एकीने मला विचारलं, "काकू, तुम्ही पहिले एसीच्या दुकानात होत्या का?" नव्हते बाई. मी एका वाळ्याच्या ताटीच्या घरात सून म्हणून आले होते. तेवढं शिक्षण पुरलं.

छप्पन साली नवं राज्य झालं त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं. माहेर जळगावकडचं, म्हणजे मुंबई राज्यातलं. सासर बुऱ्हाणपूरचं, म्हणजे कालपरवापर्यंत नागपूरच्या राज्यातलं आणि आता भोपाळच्या. नागपूर स्वतः उठून मुंबई राज्यात गेलं आणि बुऱ्हाणपूर मागे राहिलं. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, इथल्या कचेरीत हेडक्लार्क होते. तरुणपणी बरीच वर्षं त्यांनी नागपूरच्या सचिवालयात काढली होती आणि नागपूर सोडून जगात कुठे फाइल नीट बांधतात यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी नवी होते, बोलायला विषय हवा म्हणून एकदा विचारलं, "मामंजी, राज्य बदललं तर कसं वाटतं हो?"

ते म्हणाले, "आपण कुठे हललो? आपण जागेवरच आहोत. राजधानी हलली. तिला विचार."

घरात माणसं मोजकीच. मामंजी, माझे मालक, आणि माझी नणंद. सासूबाई फार आधी गेल्या होत्या, नागपूरलाच. नणंद तेव्हा दोन-तीन वर्षांची असेल. मालकांचं मत असं काही नसायचं. खोलीत जो हजर असेल त्याचं मत तेच त्यांचं मत. मामंजी समोर असले की ते मामंजींच्या बाजूचे, मी समोर असले की माझ्या, आणि दोघंही समोर असलो की त्यांना बाजारात काम निघायचं.

नणंद माझ्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठीच होती. मी तिला वन्सं म्हणायची, ती मला वहिनी. मॅट्रिक झालेली, अक्षर टपोरं, आवाज खणखणीत, आणि हसायला लागली की शेजारच्या घरातून विचारायचे, काय झालं म्हणून. पण घरात तिची ओळख एकच होती. "तिला दमा आहे." नव्या माणसाला तिचं नाव सांगायच्या आधी हे सांगायचे. मलाही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं, म्हणजे तिला पाणी भरायला लावायचं नाही हे मला कळावं. त्यावर ती स्वतःच दोन बादल्या घेऊन जिना चढून गेली आणि वरून ओरडली, "वहिनी, तिसरी आण!" संक्रांतीला तिने अख्ख्या गल्लीचे तीळ एकटीने कुटले. मी वाट बघत होते दम्याची. दमा काही आला नाही.

मी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "उन्हाळ्यात बघ. उन्हाळा तिला सोसत नाही."

उन्हाळा बुऱ्हाणपुरात कुणालाच सोसत नाही, पण ते जाऊ दे.

उन्हाळ्यासाठी आमच्याकडे मधली खोली होती. तिला पश्चिमेला मोठी खिडकी, आणि त्या खिडकीत वाळ्याची ताटी. आता कुलर आले, एसी आले, म्हणून सांगावं लागतं. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात वाळ्याच्या मुळ्या गच्च बांधायच्या, ती खिडकीत टांगायची आणि वर पाणी मारत राहायचं. बाहेरची लू, तो भाजणारा वारा, त्या ओल्या मुळ्यांतून गाळून आत येते, ती गार होऊन आणि वाळ्याचा वास घेऊन. चांगली युक्ती आहे. मुळ्या दर उन्हाळ्याला बदलायच्या असतात, एवढंच तिचं मागणं.

आमच्याकडे त्या बदलत नव्हत्या. आमच्याकडे त्या वाढत होत्या.

ही मामंजींची स्वतःची पद्धत. ताटी त्यांनी नागपूरहून आणली होती, सामानाबरोबर, गाडीत आडवी घालून. "हा नागपूरचा वाळा आहे, असा आता मिळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तो काढायचा नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बाजारातून नवी जुडी यायची. आखाजीला आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सासूबाईंच्या घागरीत त्या जुडीतला चिमूटभर वाळा आधी पडायचा, मग घागरीवर खरबूज, पुढे सांजोरीचं पान, नमस्कार. आणि उरलेली सगळी जुडी मामंजी स्वतःच्या हाताने ताटीवर बांधायचे. जुन्यावर नवा थर. त्या वर्षी सगळीकडे विलीनीकरणाच्या गोष्टी चालल्या होत्या, कोण कुठे मिसळलं आणि कुणाच्या नोकरीची ज्येष्ठता कुठे धरली. मामंजी ताटीवर सुतळी आवळत म्हणाले, "हेही विलीनीकरणच. कुणाला काढायचं नाही, सगळ्यांना सामावून घ्यायचं."

अशा किती आखाज्या सामावून घेतल्या होत्या मला माहीत नाही. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ती ताटी राहिली नव्हती, गादी झाली होती. टांगायला दोन माणसं लागायची आणि दोन्ही माणसं नंतर कंबर धरून बसायची.

पण खोलीत गेलं की वा! अंधार, ओल, वर नवा वाळा, त्याचा ताजा वास. आला-गेला म्हणायचा, "क्या ठंडक है, साहब!" मामंजी मान डोलवायचे. "नागपूरचा आहे."

पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं, नव्या सुनेचं काम म्हणून. लोटा घेऊन मी ताटीच्या जवळ उभी राहायची, आणि जवळ उभं राहिलं की वाळ्याच्या वासाखालचा दुसरा वास यायचा. ओल्या गोधडीचा. गल्लीच्या टोकाला रुई पिंजायचं दुकान होतं, आजूबाजूला माग, दिवसभर कापसाची कुसं उडत असायची. आमच्या दारातल्या तुळशीवरसुद्धा बारीक पांढरी लव बसायची, ती मी रोज सकाळी पुसायची. मला एकदम वाटलं, तुळशीवर एवढी बसते, तर वाऱ्याच्या तोंडाशी टांगलेल्या ह्या ताटीबाईवर किती बसत असेल? आणि तुळस मी पुसते. हिला कोण पुसतं?

आखाजीनंतर वन्संना खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग छातीत शिट्टी. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आला म्हणून. मामंजींनी ताबडतोब हुकूम सोडला. तिला मधल्या खोलीत हलवा, अगदी खिडकीपाशी, गारव्यात. तिची खाट ताटीला टेकवून लावली. मला सांगितलं, पाणी दुप्पट मार. अडुळशाचा काढा सुरू झाला. मामंजी कचेरीतून आले की आधी तिच्या खाटेपाशी जायचे, तिच्या कपाळावर हात ठेवायचे आणि ताटी ओली आहे की नाही ते चाचपायचे. इतकी माया की विचारू नका. आणि त्या मायेने ती रोज थोडी थोडी खाली चालली होती. जिना सोडा, खाटेवरून उठून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये भिंत धरायची.

ह्यातच तिची ऑर्डर आली. नव्या राज्यात खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा निघत होत्या, तिने हिवाळ्यातच अर्ज टाकला होता. खकनारच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणूक. शाळा उघडताना हजर व्हायचं, येणार की नाही ते कळवा. ती ऑर्डर तिने उशाखाली ठेवली. मी काढा घेऊन गेले की ती काढायची आणि पुन्हा वाचायची, मोठ्याने. अर्ध्या वाक्यात दम लागायचा, थांबायची, मग उरलेलं अर्धं.

मामंजी म्हणाले, "कसं शक्य आहे? तिथे कोण बघणार हिच्याकडे? नको म्हणून कळवतो."

ती  भिंतीकडे तोंड करून पडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ऑर्डर वाचायचं बंद केलं. मला ते शिट्टीपेक्षा वाईट वाटलं.

नकाराचं पत्र मात्र जाईना. कारण मामंजींचं आयुष्य इंग्रजीत ड्राफ्ट करण्यात गेलेलं, आणि आता हिंदीतच लिहा असा फतवा होता. ते "सविनय निवेदन है कि" इथपर्यंत धडाक्याने जायचे. पुढे दमा आडवा यायचा. "दमा" लिहिलं तर घरगुती वाटतं, "श्वास-रोग" लिहिलं तर पोरगी मरायला टेकल्यासारखी वाटते. हेडक्लार्क माणूस, चुकीचा मसुदा हातातून सुटणं शक्य नाही. कागद फाडायचे, उद्या बघू म्हणायचे. माझं तेव्हापासून हिंदीबद्दल चांगलं मत आहे.

मध्येच दापोऱ्याला लग्न निघालं, मामंजींच्या चुलतभावाकडचं. वन्संना न्यायचं नाही असं ठरलं होतं, पण नवरी तिची लहानपणची मैत्रीण. ती उठून बसली आणि म्हणाली, "मी येणार." तिच्या तोंडून इतक्या दिवसांत निघालेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. बैलगाडीत तिला मांडीवर घेऊन मी बसले. जीव टांगणीला. वाटेत काही झालं तर?

दापोऱ्यात वैशाखाचं ऊन मरणाचं. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून आम्हा बायकांची व्यवस्था केळीच्या बागेला लागून असलेल्या मांडवात. वाळा नाही, ताटी नाही, चारही बाजू उघड्या. दुपारी लू अशी यायची की तोंड भाजावं. पहिल्या दिवशी वन्सं पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. हळदीला तिने गाणी धरली. एकटीच्या आवाजावर, ताना घेत, आणि वर नवरीला चिडवत. मी तिच्या मागे बसून शिट्टी ऐकू येते का बघत होते. तिच्या पाठीला कान लावायचा तेवढा राहिला होता.

मी म्हटलं, "वन्सं, दमा कुठे गेला?"

ती म्हणाली, "घरी राहिला वाटतं. आणायला विसरलो."

लग्न लागलं, परत आलो. तिची खाट ताटीपाशी तशीच होती, मामंजींनी आमच्या आधी एक दिवस परत येऊन पाणी मारून गार करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्टी हजर.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आणि आधी काय आला असेल तर राग आला. इतका राग, की मी लोटा आपटला. मालक समोर होते म्हणून त्यांना सांगितलं, "तुमच्या बहिणीला उन्हाळा बाधत नाही. ती खिडकी बाधते." त्यांना पटलं. मी समोर होते ना. म्हणाले, "पण बाबांना सांगणार कोण?" आणि टोपी घालून बाजारात गेले.

मग मीच सांगितलं. "मामंजी, ती ताटी काढून टाका."

"वैशाखात? ताटी काढायची?"

"त्यातून वारा येत नाही. दापोऱ्याला वन्सं बऱ्या होत्या."

"दापोऱ्याचं पाणी मानवलं तिला."

"वारा मानवला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. सुनेने एका दिवसात एवढीच वाक्यं बोलायची असतात, असं ते बघणं होतं. मी गेले, देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून आणली आणि ताटीच्या आतल्या बाजूला, अगदी टेकवून, धरली. बाहेर अंगणातलं कडुनिंबाचं झाड वेड्यासारखं हलत होतं, वाळत घातलेलं धोतर दोरीवरून सुटून भिंतीला चिकटलं होतं. आत उदबत्तीचा धूर सरळ वर गेला, शेंडीसारखा. जरा म्हणून हलला नाही.

"बघा," मी म्हटलं.

मामंजींनी नीट बघितलं. धुराकडे, मग बाहेर झाडाकडे, मग पुन्हा धुराकडे. आणि म्हणाले, "उदबत्ती चांगली आहे."

मी कपाळावर हात मारला आणि स्वयंपाकघरात गेले. पोळ्या त्या दिवशी करपल्या. मुद्दाम नाही, पण मी थांबवलंही नाही.

पुढच्या रविवारी दुपारी ते झालं. मामंजी घरीच होते, ओसरीवर हिंदी मसुदा करत. मी पाणी मारायला गेले तर वन्सं खाटेवर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं. डोळे मोठे झालेले. श्वास आत जातोय असं वाटत होतं, पण पोचत नव्हता. ओठ निळसर झालेले. मी हातातला लोटा टाकला. तिने माझा पदर धरला आणि एकेक शब्द सुटा सुटा बाहेर काढला. "वहिनी. मला. बाहेर. ने."

मी तिला उचलली म्हटलं तरी चालेल. माजघरातून, ओसरीवरून, मामंजींच्या कागदांवर पाय देऊन, भर उन्हात अंगणात. मामंजी ओरडत मागे आले. "अगं सूनबाई, लू लागेल तिला! वेडी झालीस का? कांदा आणा! कांदा!" मी ऐकलं नाही. कडुनिंबाखाली धोंड्यावर तिला बसवलं, पाठ चोळत राहिले. लू अंगावर येत होती, गरम, कोरडी, पाला उडवणारी. मामंजी तिच्यावर आपल्या उपरण्याची सावली धरून उभे राहिले. 

कितीतरी वेळ तसाच गेला. मग तिचे खांदे खाली आले. मग तोंड मिटलं. नाकाने श्वास घ्यायला लागली. शिट्टी बारीक झाली.

"आत चल आता, बाळ," मामंजी म्हणाले. "गारव्यात पड."

तिने मान हलवली. "बाबा, नको. इथे बरं वाटतं."

"उन्हात?"

"बाबा," ती म्हणाली, आणि आता तिला पूर्ण वाक्य बोलता येत होतं, "त्या खोलीत मला बुडाल्यासारखं होतं. दरवर्षी होतं. तुम्ही एवढं करता माझ्यासाठी, म्हणून बोलले नाही."

मामंजींनी उपरणं तिच्या डोक्यावर ठेवलं आणि आत गेले. मला वाटलं, रुसले. थोड्या वेळाने आतून धाडकन आवाज झाला. गेले तर त्यांनी ताटी एकट्याने खाली पाडली होती आणि तिच्यापाशी कात्री घेऊन बसले होते. खिडकी उघडी, खोलीत फटफटीत उजेड. इतके दिवस त्या खोलीला रंग आहे हे मला माहीतच नव्हतं. पिवळा होता.

मी ताटीच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांनी वरची सुतळी कापली, ह्या वर्षीचा वाळा सुटला. त्याच्याखाली मऊ करडा थर, बोट रुतेल असा. कापूस आणि माती, भिजून भिजून बसलेली. त्याखाली मागच्या वर्षीचा वाळा, काळा. पुन्हा करडा थर. वाळा, चिखल, वाळा, चिखल. मेलेली पाल निघाली, चिमण्यांची पिसं निघाली. वास असा की मी नाकाला पदर लावला. मामंजींनी लावला नाही. ते एकेक थर बाजूला ठेवत होते, फाइलीतले कागद काढावेत तसे, आणि प्रत्येकाकडे बघत होते. एका थराशी म्हणाले, "हिची मॅट्रिक."  मी वरच्या करड्या थरातला एक गोळा उचलून तळहातावर धरला. त्यांनी तो बघितला. अंगणातून वन्संच्या खोकल्याचा आवाज आला. त्यांनी मान खाली घातली.

शेवटी चौकटीला लागून एकच थर उरला. हा सुतळीने बांधलेला नव्हता. लुगड्याच्या काठाच्या चिंध्यांनी बांधला होता. रंग गेलेला, पण काठ कळत होता. मामंजींनी कात्री खाली ठेवली.

"हे हिच्या आईने बांधलंय," ते म्हणाले. "शेवटच्या उन्हाळ्यात. सुतळी संपली म्हणून जुनं लुगडं फाडलं." जरा थांबून म्हणाले, "गाठी फार पक्क्या मारायची."

म्हणजे नागपूरचा वाळा म्हणतात तो हा. मला त्यांच्याकडे बघवेना. इतके दिवस मी त्या माणसावर मनातल्या मनात दात-ओठ खात होते.

मी विचारलं, "मामंजी, ठेवू या का एवढा?"

त्यांनी त्या मुळ्यांना हात लावला. हाताखाली भुगा झाला. वाळ्याचं त्यात काही उरलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "तिलाही चाललं नसतं. पोरीला खोकला झाला की अख्खं घर डोक्यावर घ्यायची."

त्यांनी एकही गाठ कापली नाही. नखांनी, दातांनी, एकेक करून सोडवली. ऊन उतरेपर्यंत बसले होते. मी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. वन्सं दारात येऊन उभी राहिली, तिला आईचं काही आठवत नव्हतं. मामंजींनी सोडवलेल्या चिंध्या तिच्या हातात दिल्या. "आईच्या आहेत," एवढंच म्हणाले. तिने त्या मुठीत धरल्या आणि मग नाकाला लावल्या. मी म्हटलं, "अहो वन्सं, धूळ आहे!" तरी तिने लावल्याच. खोकलीही.

सगळा गाळ धोतराच्या जुन्या पानात बांधून मामंजी संध्याकाळी तापीच्या घाटावर गेले. मालक बरोबर गेले होते, ते सांगत होते, बाबा पाण्यात उतरून उभे राहिले, हात जोडले आणि मग सोडलं. मामंजी परत आल्यावर पाय धुताना मला म्हणाले, "वाळा तरंगतो म्हणतात. हा दगडासारखा खाली गेला."

मी म्हटलं, "त्यात वाळा होता कुठे?"

"तेच म्हणतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. एका बैठकीत, एका मसुद्यात. स्वीकारायचं असलं की हिंदीत दोन ओळी पुरतात, हे त्यांना तेव्हा कळलं. शाळा उघडली तेव्हा वन्सं ट्रंक घेऊन खकनारच्या मोटारीत बसली. तिथे आणखी एका मास्तरणीबरोबर खोली घेतली. मामंजींनी तिला दोनच सूचना दिल्या. खिडकी उघडी ठेव, आणि मुलींना गाठी मारायला शिकव.

पुढच्या आखाजीला ती घरी आली. अंगाने भरली होती, आवाज आणखी मोठा झाला होता, आणि मलाच रागवत होती की मी बारीक झाले. आदल्या दिवशी मामंजींनी चौकट उन्हात धुतली होती, घासली होती. नवी जुडी आली. चिमूटभर सासूबाईंच्या घागरीत, बाकीचा चौकटीत, एकच थर, आरपार उजेड दिसेल असा. माझ्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी हा पूर्ण निघणार. विलीनीकरण बंद."

जेवणं झाली. वन्सं म्हणाली, "मी जरा आडवी होते," आणि मधल्या खोलीत, खिडकीपाशी, त्याच खाटेवर झोपली. मी भांडी घासायला बसले, पण माझा जीव तिथेच होता. भांडी आवरून गेले तर मामंजी खोलीच्या दाराशी पाटावर बसलेले. हातात वर्तमानपत्र, पण पान उलटत नव्हते. आत ताटीतून वारा येत होता. भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं, वन्संच्या कपाळावरचे केस हलत होते.

मी हळूच विचारलं, "मामंजी, काय ऐकताय?"

त्यांनी गप्प राहा म्हणून हात वर केला. मान वाकडी करून, कान दाराकडे लावून, आणखी थोडा वेळ बसले.

"काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले, आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले.